पासष्टच्या वरचा पाऊस

चौसष्ट मिलिमीटर पडला तर तो नुसता जोराचा पाऊस. पासष्टच्या वर गेला की अतिवृष्टी, आणि मग पंचनामा, यादी, बँकखाते, अनुदान. मोजायचा चोवीस तासांचा, आणि मोजायचा महसूल मंडळाचा. तुमच्या वावरात गुडघाभर पाणी साचले असेल. मंडळाच्या मापकात बासष्ट भरले असतील, तर सरकारच्या लेखी तुमच्याकडे अतिवृष्टी झालेली नाही. पुढे ‘सततचा पाऊस’ हाही मदतीचा एक निकष झाला, पण त्याचेही मोजमाप मंडळातच. जामखेड तालुक्यात पावसापाण्यावर कुणाशीही बोलायला बसा, दोन वाक्ये होतात न होतात तोच मंडळ येते. ‘यंदा आमचं मंडळ बसलं नाही,’ असे माणसे लग्न मोडल्यासारखे सांगतात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘नकाशे’. संपादकांनी मला एखाद्या तेलुगू मंडलावर लिहायला सुचवले होते. कल्पना वावगी नव्हती. नगर शहरात तोफखान्याच्या बाजूला पद्मशाली समाजाची जुनी वस्ती आहे आणि त्यांच्या सोयरिकी तेलंगणात होतात. तिकडून आलेल्या लग्नपत्रिकेवर गाव असते, मंडल असते, जिल्हा असतो, तालुका नसतो. म्हटले, मंडळ तर आपल्याकडेही आहे. आंध्र-तेलंगणात ते राज्यकारभाराचा मुख्य खांब झाले. आपल्याकडे ते तहसील कचेरीच्या सावलीत राहिले, आणि तिथे राहूनच शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल लावू लागले. मग करीमनगर कशाला, जामखेडची एसटी धरू.

परजिल्ह्यातून घरी

नगरहून जामखेडला जाताना चिचोंडी पाटील मागे पडले की थोड्या वेळाने रस्ता बीड जिल्ह्यात शिरतो. कडा लागते, आष्टी लागते, आणि आष्टी ओलांडल्यावर आपण पुन्हा नगर जिल्ह्यात येतो. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाहून आपल्याच तालुक्याला जाताना वाटेत दुसरा जिल्हा, त्याचे पोलीस ठाणे, त्याच्या आमदारांचे फलक. गाडीतल्या कुणाला त्याचे काही वाटत नाही.

हे वाकडेपण जुने आहे. इंग्रजी अमलात जामखेड हा मुंबई इलाख्याचा तालुका, आणि त्याच्या भोवती निजामाचे राज्य. नुसते भोवतीच नव्हे, मध्येमध्येही. इंग्रजांची काही गावे निजामाच्या हद्दीत बेटासारखी, निजामाची काही इकडे. एका गावचा पाटील मुंबईला वसूल पाठवी, तर बांधापलीकडच्याचा वसूल हैदराबादला जाई. १८८४च्या गॅझेटियरमध्ये या तालुक्याच्या विस्कळीत आकाराची नोंद आहे. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर १९५० मध्ये अशा बेटांची अदलाबदल झाली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचेच तुकडे झाले. मराठवाडा इकडे आला, तेलंगण आंध्रात गेले. म्हणजे आज ज्या मुलखात मंडले आहेत त्याची आणि आष्टी-पाटोद्याची कचेरी काही काळ एकच होती.

खर्ड्याचे नाव शाळेच्या पुस्तकात येते ते ११ मार्च १७९५च्या लढाईमुळे. मराठ्यांनी इथे निजामाला हरवले. १७४३ मध्ये सुलतानजी निंबाळकरांनी बांधलेला भुईकोट गावाशेजारी उभा आहे. लढाईचे तपशील गावात पुष्कळ सांगतात. मी ते ऐकले, पण माझे काम त्याच गावच्या मंडळाशी होते.

आधी एक जंत्री सांगायला हवी, कारण जामखेडकर ती रोज जगतात. तहसील जामखेडला. प्रांताची कचेरी कर्जतला. जिल्हाधिकारी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. विभागीय आयुक्त नाशिकला. उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. विद्यापीठ पुण्याचे. बांधाच्या भांडणात माणूस चिवट असला तर एका नोंदीपायी निम्मा महाराष्ट्र पाहून होतो. बीड शहर नगरपेक्षा जवळ, पण तिथे त्याचे कुठलेही सरकारी काम नाही.

एका फटक्यात तालुके गेले

एन. टी. रामाराव १९८३ मध्ये आंध्र प्रदेशात सत्तेवर आले. पुढच्या वर्षी त्यांनी गावोगावचे वंशपरंपरागत करणम आणि मुन्सिफ, म्हणजे आपल्या कुलकर्णी-पाटलांचे तिकडचे भाऊबंद, एका हुकुमाने काढून टाकले. १९८५ मध्ये तालुके आणि त्यांच्या पोटातले फिरकेही गेले. त्यांच्या जागी अकराशेच्या आसपास मंडले आली. एका जुन्या तालुक्याच्या पोटातून तीन-चार मंडले निघाली. प्रत्येक मंडलाला महसुली अधिकारी मिळाला. पंचायत समित्यांच्या जागी मंडल प्रजा परिषदा आल्या आणि १९८७ मध्ये त्यांच्या निवडणुकाही झाल्या. दाखल्यासाठी दिवस मोडणाऱ्या माणसाच्या दारात सरकार न्यायचे, हा त्यामागचा हेतू. जुन्या तालुक्याच्या गावी बसून राजकारण करणाऱ्या बड्या घराण्यांची मांड सैल करायची, हा दुसरा. तो जाहीर भाषणात कमी सांगितला जाई, पण कुणापासून लपलेला नव्हता.

फोडायची ही सवय पुढे जिल्ह्यांपर्यंत गेली. तेलंगणाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दहा जिल्ह्यांचे एकतीस केले, नंतर तेहेतीस. आंध्राने एप्रिल २०२२ मध्ये तेराचे सव्वीस केले.

महाराष्ट्राचा स्वभाव उलटा. आपण मोडत नाही, जोड देतो. १९९९ मध्ये राहाता तालुका झाला आणि नगर जिल्ह्याचे तालुके चौदा झाले. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, राज्यात सर्वांत मोठे. लोकसंख्या २०११ मध्ये ४५ लाखांवर. कळसूबाईच्या पायथ्याचे अकोले आणि बालाघाटाच्या कुशीतले जामखेड यांच्यात दोनशेच्या आसपास किलोमीटर, आणि दोघांचा कलेक्टर एक. जिल्हा विभाजनाची मागणी इतकी जुनी की तिच्यावर भाषणे करणाऱ्यांची नातवंडे आता त्याच मागणीवर भाषणे करतात. घोडे दरवेळी एकाच ठिकाणी अडते: नव्या जिल्ह्याचे ठाणे कुठे? संगमनेर, श्रीरामपूर की शिर्डी? तिन्ही गावे उत्तरेची, साखर कारखान्यांची, पाटपाण्याची. दक्षिणेतल्या जामखेडला या वादात विचारतो कोण? जिल्ह्याचे नाव बदलले ते मात्र जामखेड तालुक्यातल्या गावामुळे. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ मध्ये सीनाकाठच्या चौंडीचा. नामांतराची घोषणा ३१ मे २०२३ रोजी चौंडीतच झाली, आणि त्रिशताब्दीनिमित्त ६ मे २०२५ रोजी अख्खे मंत्रिमंडळ तिथे बैठकीला आले. त्या दिवशी तालुक्याला मुंबई चालून आली. एरवी तालुकाच मुंबईकडे चालत असतो.

सर्कल

मंडळ अधिकारी म्हटले तर गावात लोक क्षणभर थांबतात. सर्कल म्हटले की लगेच कळते. तलाठ्याला गाव ‘भाऊसाहेब’ म्हणते. २०२४ पासून त्याचे पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, तरी भाऊसाहेब भाऊसाहेबच आहेत. तलाठ्याचा सजा, अशा काही सजांचे मिळून मंडळ, त्यावर सर्कल. त्याच्या वर नायब तहसीलदार आणि तहसीलदार. खर्डा, नान्नज, अरणगाव, नायगाव ही जामखेडची काही मंडळे.

सर्कलच्या हातात काय आहे? पहिले म्हणजे नोंद. जमीन विकली, वारस लागले, वाटणी झाली, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला, की तलाठी फेर धरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची, तिच्या कलम १५० खाली हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची. हरकत नसेल तर सर्कल नोंद मंजूर करतो, आणि तेव्हाच सातबाऱ्यावर नवे नाव चढते. हरकत आली तर प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत जाते, आणि तिथून ते किती दिवसांनी बाहेर येईल हे भावाभावांच्या तोंडावर अवलंबून असते. आता सारे संगणकावर आहे. सही डिजिटल. तरीही मंडळ कार्यालयाबाहेर मोटारसायकली लागलेल्या असतात. ‘ऑनलाइन’ फेर कुठे अडकला आहे, हे विचारायला प्रत्यक्षच यावे लागते.

दुसरे रस्ते. शेतात जायची वाट शेजाऱ्याने नांगरली की मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली, १९०६च्या कायद्याखाली, तहसीलदाराकडे अर्ज होतो. जागेवर जाऊन पाहायला सर्कल जातो. बांधावर उभे राहून दोन्हीकडच्या शिव्या ऐकायच्या, कच्चा नकाशा काढायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या. पंच मिळवणे हे यातले खरे कौशल्य. गावात वैर नको म्हणून ऐन वेळी सगळ्यांनाच दवाखान्यात जायचे असते.

आणि मग निवडणूक, जनगणना, अवैध वाळू, टंचाईतले टँकर, ई-पीक पाहणी. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची. वावरात उभे राहायचे, फोटो काढायचा, पाठवायचा. बालाघाटाच्या उतारावरच्या शेतात रेंज नसते. मग माणूस टेकाड चढतो, आणि टेकाडावर गेल्यावर मोबाइल सांगतो की तुम्ही गटाच्या बाहेर आहात. राहिलेल्या नोंदी शेवटी तलाठ्याच्या गळ्यात आणि तपासणी सर्कलच्या.

या माणसाकडे कचेरी म्हणून बहुधा एक-दोन खोल्या असतात. गाडी स्वतःची. मंडळाला स्वतःचा निधी नाही आणि मंडळाच्या नावाने निवडून आलेले कुणी नाही. आंध्रात मंडल म्हणजे परिषद, अध्यक्ष, सभागृह, भांडणे. आपल्याकडे मंडळ म्हणजे एक माणूस आणि एक पर्जन्यमापक.

मापक कुठे, ढग कुठे

एकेकाळी पाऊस तालुक्याचा असे. तहसील कचेरीच्या आवारात मापक, सकाळी आठला कारकून नळकांडे काढून मिलिमीटर वाचे, तो आकडा अख्ख्या तालुक्याचा. पुढे मंडळागणिक मापके आली, आणि महावेध प्रकल्पात दोन हजारांवर मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. कुंपण घातलेला जमिनीचा तुकडा, मधे खांब, सौर पाटी, वाऱ्याच्या वाट्या, पाऊस मोजणारे भांडे. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा हे सगळे आपोआप वर जाते. खाली उभ्या माणसाला त्यातले काही दिसत नाही.

जामखेडचा मुलूख एकसारखा नाही. उत्तर-पूर्वेला बालाघाटाचा कडा. त्याच्याच कपारीत, बीड जिल्ह्याच्या हद्दीत, विंचरणा सौताड्याला खाली झेप घेते आणि मग जामखेडकडे येते. दक्षिण-पश्चिमेला सीनेचे सपाट खोरे. वळवाचा पाऊस किंवा परतीचा, डोंगराच्या एका धारेवर कोसळतो आणि चार किलोमीटरवर धूळ उडत असते. मंडळात मापक एक, गावे अनेक. मापकाचे गाव कोरडे आणि उरलेली गावे चिंब, किंवा नेमके उलटे. दुसऱ्या प्रकाराची तक्रार कधी होत नाही, हे सांगायला मला एका शेतकऱ्याने कमी केले नाही. तोच पुढे म्हणाला, मापक आमच्या शिवारात बसवा, मग बघा आमच्यावर पण कशी कृपा होते.

या एका मापकावर काय काय टांगले आहे? अतिवृष्टीचे अनुदान तर झालेच. पीकविम्याचे पाहा. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ पासून आहे. तिच्यात नुकसान मोजायचे ते ‘विमा क्षेत्रा’चे, आणि महाराष्ट्रात मुख्य पिकांसाठी हे क्षेत्र म्हणजे महसूल मंडळ. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तेलुगूंचे मंडल, तमिळांचा फिरका, कन्नडिगांची होबळी आणि आपले सर्कल एकाच ओळीत मांडले आहेत. अशा क्षेत्रात एका पिकाचे किमान दहा पीककापणी प्रयोग करायचे. मंडळातल्या निवडलेल्या शेतात दोरीने चौकट आखतात, तेवढेच पीक कापून, झोडपून, वजन करतात. दहा चौकटींची सरासरी ही हजारो एकरांच्या ज्वारीची किंवा उडदाची सरासरी. उंबरठा उत्पन्नापेक्षा ती खाली गेली तर मंडळातल्या प्रत्येक विमेदाराला भरपाई, वर गेली तर कुणालाच नाही. तुमचे स्वतःचे पीक गेले की राहिले, याचा या हिशेबाशी संबंध नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये पाऊस पार दडी मारून बसला. तेव्हा नियम होता की सलग एकवीस दिवसांहून अधिक खंड पडला आणि उत्पन्न निम्म्याखाली जाईल असा अंदाज निघाला, तर पंचवीस टक्के भरपाई आगाऊ द्यायची. खंड मोजायचा पुन्हा मंडळातच. मग एकविसाव्या दिवशी मापकात अडीच मिलिमीटरच्या वर थेंब पडले की नाहीत यावर विमा कंपन्या आणि जिल्हा प्रशासने यांच्यात वाद रंगले. जो शेतकरी आभाळाकडे हात जोडून बसला होता, तोच आता विसाव्या दिवशी शिंतोडा नको म्हणू लागला. ही थट्टा नाही. नियमच तसा होता. २०२५च्या खरिपापासून शेतकऱ्याला एक रुपयात मिळणारा विमा गेला, आगाऊ भरपाईची ही वाटही गेली. उरली ती पीककापणीची सरासरी.

त्याच २०२३ मध्ये ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. जामखेडच्या दक्षिणेचा, सोलापूर जिल्ह्यातला करमाळा त्यात होता, जामखेड नव्हते. उपग्रहाची चित्रे, भूजल, जमिनीतला ओलावा असे अनेक निर्देशांक लावून तालुका ठरतो. तालुका मोठा असला की एका कोपऱ्यातल्या ओढ्याकाठच्या बागा दुसऱ्या कोपऱ्यातल्या करपलेल्या तुरीला झाकून टाकतात. ओरड झाली. मग १० नोव्हेंबरला सरकारने तालुक्याचे माप बाजूला ठेवून मंडळ हाती घेतले: सरासरीच्या पाऊणपटीपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेली १,०२१ मंडळे दुष्काळसदृश. साऱ्या निर्देशांकांची जी गुंतागुंत तालुक्याला लावली, ती मंडळाला लागली नाही. मंडळाला फक्त पाऊस विचारला. या यादीतल्या गावांना सारा-सूट, कर्जाचे पुनर्गठन, वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. पिकाच्या नुकसानीची थेट रोख मदत मात्र आधीच्या चाळीस तालुक्यांनाच. ‘दुष्काळ’ आणि ‘दुष्काळसदृश’ यांच्यातले अंतर हे एवढे.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, चक्र उलटे फिरले. सीनेला पूर आला, काठची माती वाहून गेली. पुन्हा मंडळे, पुन्हा मिलिमीटर.

आरोळ्यांचे मोजमाप

मंडळाबद्दल एवढे ऐकल्यावर जामखेडमध्येच एक दुसरे मोजमाप आठवत राहते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे इथे आले. गावाने त्यांना जनावरांच्या दवाखान्याची पडीक इमारत दिली. मोठे इस्पितळ उभारून रोग्यांची वाट पाहायची, हा मार्ग त्यांनी सोडला. गाव हे त्यांचे माप, आणि गावातली एक बाई, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित, ही त्यांची अधिकारी. तिला बाळंतपण, जुलाबावरचे साखर-मिठाचे पाणी, बाळाचे वजन शिकवले. ती दर आठवड्याला जामखेडला येई, शिके, परत जाई. १९७२च्या दुष्काळात कूपनलिका घ्यायची वेळ आली तेव्हा जागा दलित वस्तीत निघाल्या. तहानेपुढे गावाने वाट वाकडी केली आणि सगळे तिथेच पाण्याला गेले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळाला. सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला नगर माहीत नसते, जामखेड असते.

आरोळ्यांची बाई आणि सरकारचा मापक, दोघेही गावाजवळचे माप आहेत. फरक असा की बाईला गावातले घर न् घर माहीत होते आणि गावाला बाई माहीत होती. तिने मांडलेला बाळाच्या वजनाचा तक्ता आईला दिसे.

मंडळाचे कुणी नाही

पंचायत समिती तालुक्याची. १९६१च्या कायद्याने आली, १९६२ पासून चालू. जामखेड पंचायत समितीचे सदस्य निवडायचे ते गणांतून, आणि गणांच्या हद्दी दर निवडणुकीआधी नव्याने आखतात. मंडळाच्या हद्दी वेगळ्या. एका मंडळाची गावे दोन गणांत, एका गणाची गावे दोन मंडळांत. त्यामुळे ‘खर्डा मंडळाचा विमा का नाही’ हा प्रश्न मांडायला खर्डा मंडळाचा म्हणून कुणी सभागृहात नाही. सभागृहही बराच काळ नव्हतेच: मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाकडे राहिला.

तेलुगू मंडलांचेही गोडवे गाऊ नयेत. तिकडेही छोट्या मंडलाला डॉक्टर मिळत नाही, कचेरी जवळ आली तशी लाचही जवळ आली, अशी रड आहे. पण तिकडच्या माणसाला दार ठोठवायला एक दार आहे. आपण मात्र अधिकार खाली न देता फक्त निकष खाली दिला. पाऊस, पीक, विमा, दुष्काळ हे चारही हिशेब मंडळात आणले आणि ते मांडणारा माणूस तालुक्याचा कारकून ठेवला. मला हे अर्धे काम वाटते, आणि अर्धे राहिले त्याचे कारण पैसा नसावे. तालुका ही आपल्याकडे राजकारणाची जहागीर आहे; कारखाना, बाजार समिती, खरेदी-विक्री संघ, पंचायत समिती सगळे त्याच हद्दीत बसते. ती हद्द फोडायला रामारावांसारखा बाहेरून आलेला गडी लागतो.

आता धोरण आणखी खाली निघाले आहे. दर ग्रामपंचायतीला स्वयंचलित हवामान केंद्र बसवायचे ठरले आहे. ज्यांच्या शिवारात मापक नव्हता त्यांना याची आस आहे. विमा कंपन्यांना किती असेल, ते कळेलच. केंद्रे वाढली तरी आकडा जर पुण्या-मुंबईच्या संगणकातच उतरणार असेल, तर गावाला त्यातून मिळणार काय? मला विचाराल तर मंडळ कार्यालयाच्या भिंतीवर एक फळा पुरे. काल पाऊस किती, वर्षाची सरासरी किती, कोणत्या गटात पीककापणी झाली, वजन किती भरले. चार ओळी, खडूने, रोज सकाळी. तलाठ्याच्या दारात गावाचे वसुलीचे आकडे जुन्या काळी लावत असत. त्याला कुठला शासन निर्णय लागत नव्हता.